वाहक

संमतीपत्राच्या सातव्या पानावर शब्द होता: विषाणू-वाहक.
मी खिशावरचा माझा बिल्ला पाहिला.
कदंबची खाकी अंगावरच होती,
म्हापशाची सकाळची फेरी उरकून थेट बांबोळीला आलो होतो,
चामड्याच्या पिशवीत सुटे पैसे वाजत होते.

डॉक्टर कुंकळ्येकरांनी कागदावर गोळा काढला, गोळ्याला काटे.
उंदरांतला आहे, म्हणाल्या. घाबरू नका.
वाढायचं कसं, हे त्याच्यात लिहिलेलं असतं,
ते आम्ही खोडतो.
त्या जागी आपलं एक वाक्य ठेवतो.
एकच?
एकच. जास्त मावत नाही.

सगुण शेजारी बसला होता, कानामागे बायोप्सीचे टाके.
चवथीपासून त्याचे शब्द जागा बदलायला लागलेत.
विड्याला कुलूप म्हणतो. बायकोला, वीणाला, 'ती वरची'.
भरती मात्र चुकत नाही.
तिथी सांगा, पाणी किती वाजता फिरेल
ते बोटांवर दाखवतो.

चोडणच्या खाजणावर तो मानशीकार.
बापाची मानस त्याच्याकडे गेली, मी नोकरी धरली.
घाटावरच्या लोकांना समजावून सांगावं लागतं
की मानस म्हणजे मन नव्हे,
बांधातलं लाकडी दार.
नदी चढली की आपसूक मिटतं, उतरली की उघडतं,
कोरगुटाच्या रोपाला फार खारं लागू देत नाही.

मेंदूलाही असं दार आहे, डॉक्टर म्हणाल्या,
रक्तातली बरीचशी औषधं ते आत सोडत नाही.
एरवी चांगलंच आहे ते दार.
सगुण हसला. एवढं त्याला समजलं.

म्हणून दारातून जायचंच नाही.
गाठ काढल्यावर जी पोकळी उरेल
तिच्या भिंतीत सुईने, वीसतीस ठिकाणी.
जी पेशी दुभंगत, वाढत सुटली आहे
तिच्यातच याचं काम होतं,
स्वस्थ बसलेल्यांना हा ओळखत नाही.
शिरतो, वाक्य लिहून ठेवतो.
मग काही दिवसांनी एक गोळी, तोंडावाटे, साधी.
अंगभर फिरते आणि काही करत नाही,
ते वाक्य जिथे असेल तिथेच तिचं विष होतं.

मी विचारलं, आणि वाहक? तो परत येतो?
त्या थांबल्या.
नाही. आतलं उतरलं की टरफल विरतं.

चौदा वर्षं तिकिटं फाडतोय.
शेवटच्या थांब्यावरून रिकामी बस घेऊन मी परततो,
कुणाची राहिलेली छत्री,
मासळीच्या पाटीतून सांडलेलं पाणी,
हिशेब जुळवायचा असतो.

किती जणांना गुण येतो?
त्यांनी पेनाला टोपण लावलं.
ते ठाऊक असतं तर हे कागद लागले नसते.

सगुणने सही केली. नावात एक अक्षर जास्त पडलं.
कोणी खोडलं नाही.

आज अवसेचं उधाण. सुट्टी टाकून मानशीवर मी आहे.
बांधाला कुर्ल्यांनी भोकं पाडलीत.
पेंढा, त्यावर चिखल, टाचेने दाबायचा,
लहानपणी त्यानेच ओरडून शिकवलेलं.
एक बुजवलं की हातभर पलीकडे पाणी बुडबुडतं.
टॉर्च दातांत धरलाय.

वीणाचा फोन येतो.
आज गोळ्या सुरू झाल्या.
काय म्हणतो?
मघापासून एकच विचारतोय,
विडा लावलास का, विडा लावलास का.
मला वाटतं, तुम्हालाच विचारतोय.

मी फळीवर हात ठेवतो.
ओली आहे, थरथरतेय,
पलीकडे अख्खी नदी टेकलेली.

लावला म्हणून सांग, म्हणतो.